राखेनं घासलेले खिळे

माझ्या नवऱ्याच्या पायात खिळे होते आणि ते मी चुलीतल्या राखेनं घासले. चकाचक. सणाआधी पितळेचा हंडा घासावा तसे.

झालं, सांगून टाकलं. हसा आता. मीही हसते – तेव्हाची मी आठवली की हसूच येतं, पदर खोचून, नाकावर राखेचा ठिपका, चेहऱ्यावर असा भाव की जणू जव्हारच्या राजाचं सिंहासन उजळायला घेतलंय. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तो तर आता राहिलाच नाही. लेकाला नाही, सुनेला नाही. पण हसून झालं की जरा थांबा. राख ही यातली सगळ्यात लहान गोष्ट आहे. तिच्यापासून सुरुवात केली, कारण ती सांगायला सोपी. मूर्खपणा कबूल करायला म्हातारीचं काय जातं? लोक म्हणतात, आजी बाई मोकळ्या मनाची. दुसरं जे आहे ते – येते, त्याच्यावरही येते. मला जरा फिरून येऊ द्या.

खिळे म्हणजे भिंतीत ठोकतात ते नव्हेत. आमचा पाडा मोखाड्याच्या वाटेवर. माझा नवरा लक्ष्मण जव्हारच्या बाजारातून जीपला मागं लोंबकळत येत होता, सगळेच यायचे तसे. एका वळणावर जीपचं चाक गटारीत गेलं, जीप कलंडली आणि ह्याचा पाय खाली आला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर. नाशिकला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पायाच्या बाहेरून एक लोखंडी दांडा लावला आणि त्या दांड्यातून आडवे खिळे घातले, ते कातडीतून आत, थेट हाडात रुतलेले. हाड आतून जुळेपर्यंत बाहेरून धरून ठेवायला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या कुडाची आठवण झाली – कारवीच्या काठ्या आडव्या-उभ्या बांधतो ना, तसा पाय बांधलेला. फरक इतकाच की कूड ओरडत नाही.

तेव्हा भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालू होती. पोरगा लहान. पाड्यावरची अंगणवाडी माझ्याकडं. म्हणून दवाखान्यात त्याच्याजवळ राहिली ती भागी – माझी नणंद, लक्ष्मणची धाकटी बहीण. भागीच्या नवऱ्यानं दुसरी बाई आणून घरात बसवली होती, म्हणून ती माहेरी परत आलेली. भावाच्या घरात, म्हणजे माझ्या घरात. असं मी तेव्हा मनात दिवसातून कितीदा म्हणायची – माझ्या घरात! जसं काही ते घर मी माहेराहून डोक्यावर घेऊन आले होते.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं भागीला खिळ्यांची निगा शिकवली. पाणी मीठ घालून उकळायचं, झाकून गार करायचं. हात साबणानं धुवायचे. प्रत्येक खिळ्याला नवा कापूस – एका खिळ्याचा दुसऱ्याला लावायचा नाही. खिळ्याच्या बुडाशी जिथं तो कातडीत शिरतो तिथून हलकेच पुसत बाहेर यायचं. आणि मग खरं काम. तांबड्या औषधात बुडवलेली गॉजची पट्टी खिळ्याभोवती गुंडाळत जायची, कातडी आणि वरचा दांडा यांच्यामध्ये, अशी दाबून की कातडी जागच्या जागी बसली पाहिजे. माणूस कूस बदलतो, पाय उचलतो, तेव्हा कातडी खिळ्यावर खालीवर होऊ लागली तर तिथं चीर पडते, चिरेतून घाण आत जाते, आणि खिळा तर हाडापर्यंत गेलेला, म्हणजे घाणीला सरळ वाटच. कातडी हलू द्यायची नाही. एवढंच त्यातलं मर्म. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढं दिसत होतं की माझा नवरा घरी आला आणि त्याचा पाय माझा राहिला नाही.

कसं सांगू? दुपारी ओटीवर भागी बसायची, त्याचा पाय उशीवर घेऊन. लक्ष्मणला स्वतःचे खिळे बघवायचे नाहीत. तो टॉवेल तोंडावर ओढून घ्यायचा आणि टॉवेलच्या आतून तिच्याशी बोलत राहायचा. लहानपणच्या गोष्टी. कुणाच्या शेतातली काकडी चोरली, कोण झाडावरून पडलं, कुठल्या मास्तरला बैलानं पळवलं. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. टॉवेल हसायचा, भागी हसायची, आणि मी उंबऱ्यात उभी राहून सुपातली नाचणी पाखडायची, इतक्या जोरात की निम्मी नाचणी कोंबड्यांना जायची. कोंबड्या त्या वर्षी छान लठ्ठ झाल्या.

एकदा म्हटलं, आज मी करते. टॉवेलच्या आतून उत्तर आलं.

“तू नको गं. तुझा हात जड आहे. भागे, ए भागे, कुठं गेलीस?”

हात जड! माझा हात! ह्या हातानं त्याचं पोर वाढवलं, ह्याच हातानं पाड्यावरच्या पोरांची डोकी विंचरली. जळाले मी. तुम्हाला कधी असं झालंय का – कुणी दुसरी बाई नाही, सवत नाही, बाहेरचं लफडं नाही, रक्ताची बहीण भावाची जखम पुसतेय, आणि तुम्ही तिच्या बोटांकडं असं बघताय की नजरेनंच मोडावीत? सवत असती तर चार बायका माझ्या बाजूनं तरी उभ्या राहिल्या असत्या. बहिणीवर जळते हे कुणाला सांगणार? सांगितलंच नाही. आत ठेवलं. आत ठेवलेलं काय करतं ते खिळ्याच्या बुडाशी जाऊन बघावं.

आणि भागीच्या हाताबद्दल एक सांगायला हवं. आमच्याकडं नाचणीचं रोप करताना पालापाचोळा जाळून राब भाजलेल्या जागेवर बी टाकतात. ज्याच्या हाताला गुण आहे त्याच्याकडून पहिली मूठ टाकून घ्यायची, मग बाकीच्यांनी. भागी पोरवयापासून ती मूठ टाकायची. नुसती आमच्या घरची नाही, शेजारचेही बोलवायचे. नवरा सोडून आल्यावरही बोलवत राहिले – बायकांनी आपसात काय कुजबुज केली असेल ती असेल, पण नाचणीला त्याचं काय? तिच्या हातची उगवायची. तेही मला सलायचं. सेविका मी, मीटिंगला जव्हारला जाणारी मी, आणि लोक हात मागतात तिचा.

तर एक दिवस तिच्या मावशीकडं कुणाचं तरी दहावं निघालं. मावशी वावर गावाच्या पलीकडं, वांगणीच्या बाजूला. तिथं जायचं म्हणजे जीप मिळाली तर मिळाली, नाहीतर पाय आहेत. भागी मला सगळं सांगून गेली – मीठ किती, कापूस कुठं, पट्टी कशी दाबायची. मी हो हो म्हटलं. ऐकलं का? ऐकलं असतं तर हे लिहायला बसले असते का?

दुपारी पट्ट्या सोडल्या आणि मला आनंद झाला. खरंच सांगते, आनंद. कारण खिळे काळपट तांबडे दिसत होते. तो रंग औषधाचा, हे मला कळायला हवं होतं. पण मला दिसली ती भागीची कामचुकारी. मनात म्हटलं, हा का तुमचा गुणाचा हात? भांडं असं ठेवलं असतं तर सासूनं दोन दिवस जेवायला वाढलं नसतं! आता अंगणवाडीचं प्रशिक्षण आठवा – साबण नसेल तर राखेनं हात धुवा, असं आम्हाला शिकवायचे आणि आम्ही पोरांना. राख म्हणजे स्वच्छ, हे माझ्या डोक्यात पक्कं. मी चुलीतली राख फडक्यातून गाळून घेतली – बघा, किती काळजी! – ओल्या चिंधीच्या टोकाला लावली आणि एकेक खिळा पार बुडापर्यंत घासला. टॉवेलच्या आत दात खाल्ल्याचा आवाज आला. “हळू,” एवढंच म्हणाला. मी म्हटलं, जरा सोस, तुझ्या बहिणीनं साठवलेलं निघतंय.

खिळे असे लखलखले म्हणता! मग त्यांच्यावर ते गॉज गुंडाळून झाकायचं माझ्या जिवावर आलं. कुणी बघायला आलं तर दिसायला नको का? वरवर, सैल, केसांत रिबन बांधावी तशी एकेक पट्टी अडकवली. दुसऱ्या दिवशीही तेच – राख, घासणं, रिबन.

भागी परत आली. खिळे बघून म्हणाली, “अगं वयनी, कसलं उजळवलंस गं!” राखेनं, हे तिला सांगितलं नाही. माझी युक्ती तिला कशाला सांगू? तिनं पुन्हा मीठ-पाण्यानं पुसलं, पुन्हा घट्ट पट्ट्या बांधल्या. बिचारीनं सगळं बरोबरच केलं. पण आत गेलेलं आत गेलं होतं.

मग ताप. मग खिळ्यांभोवती लाली, मग पू, मग वास. परत नाशिक. डॉक्टर म्हणाले, हाड सडायला लागलं तर पाय काढावा लागेल. आणि मग त्यांनी विचारलं, “ड्रेसिंग कोण करतं?”

भागी म्हणाली, “मी.”

“हात धूत नव्हतीस का?”

मी तिथंच उभी होते. तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल अशी. हात धुण्याचं गाणं पोरांना शिकवणारी मी. तोंड उघडायचं होतं. एक शब्द – राख. आणि कदाचित डॉक्टरांनाही त्या शब्दाचा उपयोग झाला असता, कशानं बिघडलंय ते कळलं असतं. तेही मला तेव्हा सुचलं होतं, नाही असं नाही. लक्ष्मण तापात कण्हत होता. मी भिंतीकडं बघत राहिले.

तुम्ही म्हणाल, भ्याली, गप्प बसली, माणूस भितो. हो, पण तेवढ्यावर थांबले असते तर हे असं गोलगोल फिरत कशाला आले असते?

या खेपेला दवाखान्यात मी राहिले. कपडे न्यायला घरी आले तेव्हा सासू ओटीवर बसलेली आणि भागी आतल्या दाराशी तांदूळ निवडत होती. सासूनं विचारलं, पाय कशानं बिघडला गं? कुणी माझ्यावर संशय घेतला नव्हता. कुणी बोट दाखवलं नव्हतं. मला वाचायचंही नव्हतं, कारण मी वाचलेलीच होते. तरी मी म्हणाले – आणि भागीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले –

“मी सांगायची तिला, हात धू म्हणून. माझं कोण ऐकतं?”

हे ते. राख नाही. हे.

सासू पोटच्या पोरीला म्हणाली, “तुझ्या हातालाच गुण नाय. नवऱ्याचं घर घालवलंस, आता भावाचा पाय.” मला वाटलं होतं भागी उसळेल. भांडेल, म्हणेल वयनी खोटं बोलते. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण सुपात हात होते ते तिनं उचलले आणि त्यांच्याकडं बघितलं – उलटेसुलटे करून. मला दिसलं की ती आठवतेय. कुठल्या दिवशी धुतले, कुठल्या दिवशी राहिले असतील. ती माझ्यावर विश्वास ठेवत होती! आणि मला काय वाटलं ते लिहिते, म्हणजे काही शिल्लक राहायला नको – मला बरं वाटलं. पोटात गार वाटलं, उन्हातून येऊन ताक प्यावं तसं.

पाय वाचला. एक खिळा काढून दुसरीकडं घातला, औषधं जोराची दिली, आणि नर्सबाईनं ह्या वेळी मला शिकवलं. मी शिकले. जड हात हलका केला. मीठ-पाणी, नवा कापूस, गुंडाळून दाबलेली पट्टी. कातडी जरा म्हणून हलू दिली नाही. भात कापणीपर्यंत खिळे निघाले. लक्ष्मण थोडा लंगडायचा, पण चालायचा. आणि जन्मभर, जो भेटेल त्याला, पँट वर करून व्रण दाखवत सांगायचा – बायकोनं पाय वाचवला. मी शेजारी उभी राहून लाजायची. काय सुंदर लाजायची हो मी! पाड्यावर कुणाला गळू झालं, कुणाला विळा लागला, तर माझ्याकडं यायला लागले. हातगुणाची म्हणून.

भागी मावशीकडं राहायला गेली, वांगणीला. तिला कुणी जा म्हटलं नाही. राहा असंही कुणी म्हटलं नाही. मी वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या, आणि आठवतंय, गाठोडं फार छान बांधलं होतं. ती पावसाळ्यात मावशीच्या शेतात, उन्हाळ्यात वीटभट्टीवर. पुढच्या राबाला तिला कुणी बोलावलं नाही. नंतर नंतर तर तीच मागं सरायला लागली. माझा नातू झाला तेव्हा बघायला आली, मी पोर पुढं केलं, तर पदराखाली हात घेऊन म्हणाली, झोपलाय, असू दे. त्याच्याही आधी, लेकाच्या लग्नात हळदीला बोलावलं – आतेची हळद तर पहिली – तर मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली. दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं, लाजाळू आहे. मला ठाऊक होतं. मला एकटीला. तेव्हा तरी सांगायचं? लक्ष्मण जिवंत होता, सासू जिवंत होती, दोघंही ओटीवर बसलेले होते. मी वाजंत्रीवाल्यांना चहा द्यायला गेले.

आता मी जव्हारला लेकाकडं असते. तो शिक्षक आहे. मागच्या थंडीत मी न्हाणीच्या ओल्या पायरीवर घसरले, मनगट मोडलं, आणि डॉक्टरांनी त्यात तारा घातल्या. टोकं कातडीच्या बाहेर, बुडाशी गॉजची पट्टी. देवाला उशिरा का होईना विनोद सुचतो. माझी नात सोनल नर्सिंग शिकते, ती रोज बांधायची. एकदा तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, समज, एखाद्यानं खिळ्याला राख लावली तर? ती म्हणाली, वाईटच, पण आजी, खिळ्यांच्या जागा सगळं नीट केलं तरी कधी कधी चिघळतात, कशानं झालं सांगता येत नाही. किती सोयीचं उत्तर! मी ते घेतलं नाही. पाय कदाचित आपोआप चिघळला असेल. माझ्या तोंडातून जे निघालं ते आपोआप निघालं नव्हतं.

भागी बघायला आली. एसटीनं, पिशवीत वरईचे तांदूळ घेऊन. केस सगळे पांढरे. माझ्यापेक्षा लहान, आणि माझ्याहून म्हातारी दिसते. दाराजवळच बसली. सोनल पट्टी बदलत होती. गॉज गुंडाळताना तिला एक बोट कमी पडत होतं. ती म्हणाली, “भागीआजी, जरा हे टोक दाबून धर ना. कातडी हलू द्यायची नाही.”

भागी उठली नाही. घरात आम्ही तिघीच होतो. सासू नाही, लक्ष्मण नाही, भ्यायला कुणी उरलेलं नाही. मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता, लहानसाच शब्द. मी तो गिळला आणि म्हणाले, धर गं, त्यात काय.

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, “नको बाय, माझा हात नको. दादाचा पाय बिघडला तवा वाचवायला तू होतीस, वयनी. तुझा हात बिघडला तर कोण हाय?”